मोटारीने उमऱ्याला निघताना

दुबईतली आपली काही कोकणी कुटुंबे सुट्टीत मोटारीने उमऱ्याला जातात. मक्का तिथून सुमारे 2000 किलोमीटर. घुवैफातच्या सीमेआधी सर्वांचे सौदी व्हिसे आणि गाडीचा विमा तपासावा. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचे अधिकारपत्र घ्यावे. कागद जमतात. आम्हाला काळजी झोपेची. वाळवंटातला सरळ रस्ता डोळ्यांवर झापड आणतो, त्यात रात्री उंट आडवे येतात. प्रवासात अमीर नेमण्याची सुन्नत आहे. तो चालकाहून वेगळा असावा आणि त्याने 'थांब' म्हणताच गाडी थांबावी, मग तो चालकाचा मेहुणा का असेना! नमाजीतही प्रवाशाला कसरची सवलत आहे, मग विश्रांतीची कंजुषी कशाला? बाळ मांडीवर नको, त्याच्या खुर्चीत बसवावे. रियाधला मुक्काम करावा आणि ताइफजवळच्या मीकातवर ताजेतवाने होऊन इहराम बांधावा.