बरणीतले सावकाश रोप



या सदरात आपण नेहमी रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी यांविषयी बोलतो. या वेळी मी तुम्हांला एका बोटभर उंचीच्या रोपाची निगा सांगणार आहे, आणि त्यात माझी झालेली एक चूकही सांगावी लागेल.

माझे एक रुग्ण निवृत्त शिक्षक आहेत. आम्ही सारे त्यांना गुरुजी म्हणतो. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात दुबळा झाला आणि वाचा अडखळू लागली. त्याच सुमारास नातू शिक्षणासाठी पुण्याला गेला. जाताना त्याने आपली काचेची बरणी आजोबांच्या पलंगाशेजारी स्टुलावर ठेवली. बरणीत पाणी, एक काळा दगड आणि दगडाला दोऱ्याने बांधलेले पाच गडद पानांचे रोप. सूनबाई मला म्हणाल्या, "डॉक्टर, बाबांना याचा त्रास नको. पाणी मीच बदलत जाईन." मी लगेच मान डोलावली, वर "त्यांना आराम करू द्या" असेही बजावले.

ते रोप म्हणजे अनुबियास, त्यातही 'नाना' हा ठेंगणा प्रकार. मूळ पश्चिम आफ्रिकेतले, कॅमेरूनच्या बाजूचे. ओढ्याकाठच्या सावलीत खडकांना धरून वाढणारे हे रोप अळूच्याच कुळातले. त्याला आल्यासारखा आडवा कंद असतो आणि त्याच्या टोकाशी नवे पान फुटते. एक पान यायला तीन आठवडे, कधी महिनाही लागतो. मात्र आलेले पान वर्षभर सहज टिकते. इतकी मंद वाढ पाहून तरुण माणसे कंटाळतात. आजारपणात ज्यांचे दिवस एकसारखे झालेले असतात, त्यांना मात्र हा वेग मानवतो. चार दिवस बरे नसले, रोपाकडे पाहणे झाले नाही, तरी ते रागावत नाही.

निगेचा पहिला नियम असा, की कंद कधीही वाळूत किंवा मातीत पुरू नये. पुरला की तो कुजतो. दगडाला किंवा लाकडाच्या तुकड्याला साध्या सुती दोऱ्याने सैलसर बांधावा. दोरा विरेपर्यंत मुळे दगडाला धरतात. उजेड खिडकीपासून दूर, आडोशाचा पुरतो. प्रखर उजेडात पाने सावकाश वाढतात आणि शेवाळ भराभर, त्यामुळे पानांवर हिरवा-काळा थर चढतो. तो बोटाने अलगद पुसावा.

हे पुसण्याचे काम गुरुजींच्या डाव्या हाताला सहज जमले असते; पण ते सूनबाई करीत होत्या, तेही मन लावून. बरणी लखलखीत, पाणी ताजे. दोन महिन्यांनी तपासले तेव्हा गुरुजींचे जेवण कमी झाले होते, हाताचे व्यायाम सुटले होते आणि बरणीकडे त्यांची पाठ होती. मी औषधांची फेरतपासणी केली. बरणीचा विचार माझ्या मनातही आला नाही.

मग सूनबाईंना चार दिवस माहेरी जावे लागले. वैशाख होता, बरणीतले पाणी चार बोटे उतरले. गुरुजींनी फुलपात्राने पाणी घातले; निम्मे स्टुलावर सांडले. सूनबाई परतल्या तेव्हा त्यांनी कंदाच्या टोकाशी असलेली फिकट, गुंडाळलेली सुरळी बोटाने दाखवली आणि "पान" म्हणाले. त्यांची वाचा रोपाने सुधारली असे मी म्हणणार नाही. वाचोपचार चालूच होते. पण पुढच्या भेटीत सूनबाईंनी हे सांगितले, तेव्हा आपण त्या माणसाकडून काय काढून घेतले होते ते मला उमगले.

या विषयावर एक जुना, गाजलेला अभ्यास आहे. एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात तो केला. 1976 मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरील रहिवाशांना सांगितले, की तुमच्या दिनक्रमाचे निर्णय तुमचे. हवे ते रोप निवडा आणि तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली, मात्र पाणी परिचारिका घालतील असे सांगितले. पहिल्या गटातील माणसे अधिक तरतरीत आणि मिळूनमिसळून वागणारी दिसली. दीड वर्षानंतर त्या गटातील 47 पैकी 7 जण वारले होते, दुसऱ्यातील 44 पैकी 13. हे आकडे ऐकून कोणी रोपाला औषध समजू नये. गट लहान होते, आणि मृत्यूंच्या फरकाचे गणित पुढे लेखिकांनाच दुरुस्त करावे लागले. मला त्यातले एवढेच महत्त्वाचे वाटते, की रोप दोन्ही मजल्यांवर होते; फरक होता तो ते कोणी सांभाळायचे यात.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांना माझी विनंती आहे. पाणी केव्हा बदलायचे, कोणते जुने पान कापायचे, बरणी कुठे ठेवायची, हे त्यांना ठरवू द्या. सांडले तर सांडू द्या; फक्त फरशी लगेच कोरडी करा. ओल्या फरशीवर घसरून खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत. बरणी पाच लिटरपेक्षा मोठी नसावी. भरलेली बरणी कोणीही उचलू नये. पाणी मगाने काढावे. नळीने काढायचे तर ती तोंडाने ओढू नये.

आता आपल्या जिल्ह्यापुरते. येथे उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि या रोपाला साधारण 22 ते 28 अंश मानवतात. बरणी कूलरच्या खोलीत, जमिनीलगत गारव्याला ठेवावी आणि बाहेरून ओले फडके गुंडाळावे. बर्फ टाकू नये. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, म्हणून ते रात्रभर उघडे ठेवून मग वापरावे. बोअरचे जड पाणीही चालते. केवळ उडालेल्या पाण्याची भर घालत राहिलो, तर क्षार साचत जातात. म्हणून आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. निळोणा आणि चापडोह आटले होते तो 2018 चा उन्हाळा आठवून कोणी संकोचेल, तर सांगतो, एवढे पाणी लिटरभरच होते आणि काढलेले पाणी तुळशीला उत्तम.

डासांविषयी मात्र मी कठोर आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. कूलरची टाकी आपण विसरतो, तशी ही बरणीही विसरली जाईल. तोंडाला मलमलीचे फडके घट्ट बांधावे. अंडी काचेच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याच्या रेषेजवळची काच घासावी.

हाताला जखम, चीर किंवा नखुरडे असेल तर पाण्यात हात घालू नये. मधुमेह असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. विशेषतः मासे असलेल्या टाकीतून एक मंदगती जंतू त्वचेत शिरू शकतो. काही आठवड्यांनी बोटावर न दुखणारी गाठ येते आणि नेहमीच्या प्रतिजैविकांनी ती जात नाही. अशी गाठ दिसली तर डॉक्टरांना टाकीचा उल्लेख आवर्जून करा; आम्हांला आपणहून सुचेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट. अळूच्या, म्हणजे आपल्या धोप्याच्या, कच्च्या पानाने घसा खाजतो, तसेच बारीक स्फटिक या पानांतही असतात. स्मृतिभ्रंश झालेले आजी-आजोबा किंवा रांगते नातवंड घरात असेल, तर बरणी त्यांच्या हाताला लागू देऊ नये.

ज्यांचे हात फार कापतात, त्यांच्यासाठी बंद बरणी बरी. नॅथॅनिएल वॉर्ड हे लंडनमधील एक डॉक्टर. सुमारे 1829 मध्ये त्यांनी पतंगाचा कोश बाटलीत ठेवला होता. त्यातल्या ओल्या मातीत नेचा उगवला आणि बिनपाण्याचा जगला. त्यांच्या काचपेट्यांतूनच पुढे चीनमधील चहाची रोपे हिंदुस्थानात आली. तळाशी खडे, वर नारळाचा ओलसर काथ्या, त्यावर कंद नुसता टेकवलेला आणि झाकण, एवढे पुरते. आतून काच किंचित धूसर असेल तर पाणी घालू नये. मात्र ही बरणी उन्हात ठेवली, तर रोप तासाभरात शिजते.

गुरुजींचा कंद आता बोटभर लांब झाला आहे. मागच्या महिन्यात त्यांनी सूनबाईंकडून दगड धरवून, डाव्या हाताने ब्लेड चालवून त्याचा तीन पानांचा तुकडा कापला आणि माझ्यासाठी आणला. तो माझ्या टेबलावर, रक्तदाबयंत्राशेजारी आहे. दोरा मी फार घट्ट बांधला, असे त्यांनी खुणेने सांगितले, म्हणून सोडून पुन्हा बांधला. अजून नवे पान आलेले नाही. दर भेटीत नाडी दाखवण्याआधी ते बरणीत डोकावतात.