वसईचे पडके शहर आणि आमची सहल

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरली की सहलीची चर्चा सुरू होते. कोणी महाबळेश्वराचे नाव घेतो, कोणी मुंबईचे, तर कोणी पाण्यातील खेळांच्या एखाद्या बागेचे. गावांची नावे पुष्कळ निघतात. परंतु सहल न्यावयाची ती कशासाठी, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. तोच प्रश्न विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावा आणि त्याचे उत्तर एका विशिष्ट गावाचे नाव घेऊन द्यावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते गाव म्हणजे पालघर जिल्ह्यातील वसई.

आपले हदगाव समुद्रापासून फार दूर. आपल्या तालुक्याच्या उत्तरेकडून वाहणारी पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा प्राणहितेच्या रूपाने गोदावरीस मिळते, आणि ते पाणी अखेरीस पूर्वसमुद्रात जाते. म्हणजे आपल्या शिवारातून निघालेले पाणीसुद्धा कोकणचा किनारा कधी पाहत नाही! मग आपल्या मुलांना समुद्र भूगोलाच्या पुस्तकात निळ्या रंगाचा भेटतो आणि युरोप इतिहासाच्या पुस्तकात सनावळ्यांच्या रूपाने भेटतो, यात नवल ते काय? या दोहोंचे प्रत्यक्ष दर्शन एकाच दिवशी आणि एकाच ठिकाणी घडवील, असे स्थळ महाराष्ट्रात वसईइतके सोयीचे दुसरे मला दिसत नाही.

दक्षिण युरोपातील एखादे जुने बंदर पाहावे, त्याच्या फरसबंद वाटांनी हिंडावे, अशी इच्छा पुष्कळांच्या मनात असते. तेथवर जाण्याचे द्रव्य मात्र थोड्यांपाशी असते. परंतु तशा नगराचा एक नमुना पोर्तुगीजांनी आपल्या कोकणातच उभारून ठेवला आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या स्वारीने पेचात सापडला असता १५३४ साली त्याने तह करून वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढे दोनशेहून अधिक वर्षे ते त्यांच्या उत्तरेकडील मुलखाचे मुख्य ठाणे होते. खाडी जेथे समुद्राला मिळते तेथे त्यांनी तटबंदी घातली. एक दरवाजा समुद्राकडे व एक जमिनीकडे ठेवला. आत रस्ते आखले, वाडे बांधले, आणि फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन इत्यादी संघांच्या धर्मगुरूंनी आपापली मंदिरे व मठ उभारले. पोर्तुगालची राजधानी लिस्बन हीही ताजो नदीच्या मुखाशी वसलेली आहे. मायदेशी पाहिलेल्या नगराचे चित्र मनात धरूनच त्या लोकांनी येथे दगडावर दगड रचला असेल, असे तो किल्ला हिंडताना सहज मनात येते.

आज त्या नगरात नागरिक नाहीत. मंदिरांची छपरे गेली आहेत, कमानी उभ्या आहेत. भिंतींतून वड-पिंपळाची मुळे उतरली आहेत. सेंट जोसेफच्या मंदिराचा उंच मनोरा अद्यापि दुरून दिसतो; त्या मंदिराचा १६०१ साली जीर्णोद्धार झाला होता. फ्रान्सिस्कनांच्या मंदिरात जमिनीत बसविलेल्या समाधिशिलांवर मृतांची नावे कोरलेली आहेत. आपल्या देशापासून हजारो कोस दूर येऊन जे येथेच मातीस मिळाले, त्यांची ती नावे होत. किल्ल्याला लागूनच किल्लाबंदर आणि पाचूबंदर या कोळ्यांच्या वस्त्या आहेत. तेथे मासळी वाळत घातलेली असते, होड्यांची ये-जा चालू असते. तटाच्या आत गतकाल आणि तटाच्या बाहेर वर्तमान, असा हा देखावा आहे.

आता कोणी म्हणेल, ‘पडक्या भिंती पाहून मुलांनी काय शिकावयाचे?’ या प्रश्नाचे उत्तर देणे हेच या लेखाचे मुख्य प्रयोजन आहे.

पहिली गोष्ट न्यायबुद्धीची. वसईचा इतिहास दोन प्रकारांनी सांगण्याची आपल्याकडे सवय आहे. एक प्रकार केवळ अभिमानाचा आणि दुसरा केवळ संकोचाचा. चिमाजी अप्पांच्या फौजेने बुरुजांखाली सुरुंग लावून, अतोनात प्राणहानी सोसून, मे १७३९ मध्ये हा किल्ला घेतला, हे सांगताना कोणाही मराठी मुलाचा ऊर भरून यावा हे स्वाभाविक आहे. पोर्तुगीजांच्या अमलात बळाने धर्मांतरे झाली, देवळे पाडली गेली, हेही सत्य आहे. मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याने ते झाकण्याचे काहीएक कारण नाही. ख्रिस्ताने शिकविलेल्या प्रीतीचे माप त्या कृत्यांना लावले तर ती उणीच ठरतील, आणि हे ख्रिस्ती मनुष्यानेच प्रथम म्हटले पाहिजे. परंतु गोष्ट येथे संपत नाही. विजयानंतर मराठ्यांनी शरण आलेल्या शत्रूची कत्तल केली नाही. तहाच्या अटींप्रमाणे त्यास सन्मानाने बाहेर जाऊ दिले. जे ख्रिस्ती शेतकरी व कोळी येथेच राहिले, त्यांचे वंशज आजही त्याच भूमीत, त्याच धर्मात, आणि मराठीच्याच बोली बोलत नांदत आहेत. विजयी वीराचा पराक्रम आणि त्याचा संयम ही दोन्ही ज्या ठिकाणी एकत्र पाहावयास मिळतात, ते ठिकाण मुलांना दाखवावयाचे नाही तर कोणते दाखवावयाचे?

या संबंधात एका घंटेची गोष्ट सांगण्याजोगी आहे. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळात एक मोठी घंटा आहे. ती पोर्तुगीज बनावटीची असून तिच्यावर १७२१ हे साल आहे. वसईच्या विजयानंतर ती तेथे आणली, असे परंपरेने सांगतात. जी घंटा एके काळी येशूच्या उपासकांना हाक मारीत होती, तीच पुढे शिवाच्या भक्तांना जागवू लागली. घंटेला यात काही वावगे वाटले नसावे. नाशिकहून वाहत आलेली तीच गोदावरी पुढे आपल्या नांदेडला येते. तिच्या घाटावर उभे राहून या गोष्टीचा विचार करणाऱ्या मुलाच्या मनात शेजारच्या धर्माविषयी तेढ राहील, असे मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट राजनीतीची, आणि ती आम्हा मराठवाड्याच्या लोकांना विशेष जवळची आहे. विजयानंतर अवघ्या ६३ वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ या दिवशी, याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला व त्यांची तैनाती फौज पदरी घेतली. ज्या निजामाच्या राज्यात पुढे १९४८ पर्यंत आपला हदगाव तालुका होता, त्या निजामाने असाच तह १७९८ साली केला होता. म्हणजे हैदराबाद व पुणे ही दोन्ही दरबारे चार वर्षांच्या अंतराने एकाच सापळ्यात सापडली. ज्या भूमीवर चुलत्याने—चिमाजी अप्पा हे दुसऱ्या बाजीरावाच्या वडिलांचे, रघुनाथरावांचे, चुलते—पराक्रम गाजविला, त्याच भूमीवर नातवाने स्वातंत्र्य गहाण टाकले! हे वाक्य वर्गात फळ्यावर लिहिले तर परीक्षेपर्यंत टिकेल. परंतु तटावर उभे राहून ऐकले तर जन्मभर टिकेल.

तिसरी गोष्ट माणसांची. वसईच्या भूमीने केवळ लढाया पाहिल्या नाहीत, माणसेही घडविली. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसईचा. त्यांचे वडील पोर्तुगीज आणि आई येथील. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे त्यांना आपल्या सोबत्यांसह क्रुसावर मरण आले आणि १८६२ साली त्यांना संतपद देण्यात आले. अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे तर वसईजवळच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे घ्यावे. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे हे कॅथॉलिक धर्मगुरू जानेवारी २०२० मध्ये आपल्याच मराठवाड्यात, उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव येथे, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते निवर्तले. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी मराठीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली छापले गेले, तेव्हापासून ही परंपरा चालत आलेली आहे. मराठी ही कोणा एका धर्माची मिरास नव्हे, हे वसईला जाऊन जितके चटकन उमगते तितके इतरत्र उमगत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप पालकांचा, आणि तो खरा आहे: खर्च. हदगावाहून नांदेड, तेथून रात्रभर आगगाडीने मुंबई, दादरला गाडी बदलून वसई रोड, असा ६०० किलोमीटरांहून अधिक प्रवास आहे. कापूस-सोयाबीनचे पीक हाती लागेल की नाही याची ज्या घरात धास्ती, त्या घराने सहलीचे पैसे कोठून आणावे? माझे मत स्पष्ट आहे: पैशासाठी एकही मूल मागे राहणार असेल तर ती सहल शाळेची नव्हे, काही सधन मुलांची होय. यास्तव दर वर्षी पाच गावांची धावती सहल काढण्यापेक्षा तीन वर्षांतून एकदाच दूरची सहल काढावी, तिच्यासाठी सर्वांनी थोडे थोडे शिल्लक टाकावे, आणि उणे पडेल ते ज्यांना झेपते त्यांनी गाजावाजा न करता भरून काढावे. मधल्या वर्षी जवळचे कंधार पाहावे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्याशी ज्या नगराचे नाव जोडलेले आहे तेथील किल्ला आपल्याच जिल्ह्यात असून आपल्यापैकी कितीजणांनी तो लक्षपूर्वक पाहिला आहे?

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा: ‘मोबाईलवर सारी चित्रे दिसतात, मग जावयाचे कशाला?’ चित्रात कमान दिसते, परंतु तिच्याखालून गेल्यावर अंगावर येणारा गारवा लागत नाही. भरतीची वेळ आणि गलबतांची ये-जा यांचा संबंध चित्रात समजत नाही. शिवाय चित्र आपल्याला गप्प बसवून दाखविते. गाव मात्र आपल्याला प्रश्न विचारावयास लावते. तथापि या आक्षेपात एक मर्म आहे. मुले तेथे जाऊनही जर केवळ स्वतःचीच छायाचित्रे काढणार असतील, तर घरी राहिलेली बरी.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेतो. सहलीला गेलेली मुले जुन्या भिंतींवर नावे कोरतात, खाऊची वेष्टने टाकतात, मंदिराच्या चौथऱ्यावर दंगा करतात. हे दृश्य आपल्या देशात कोणत्याही किल्ल्यावर दिसते. लिस्बनमध्ये १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने कार्मो मठाच्या मंदिराचे छप्पर कोसळले. तेथील लोकांनी त्या उघड्या कमानी तशाच जपून ठेवल्या असून तेथे आता पुराणवस्तूंचे संग्रहालय आहे. वसईच्या कमानी कार्मोहून सुंदरतेत उण्या नाहीत. उणी आहे ती आपली आस्था. पुरातत्त्व खात्याचा फलक भिंत वाचवीत नाही. भिंतीपुढे उभ्या राहिलेल्या मुलाचा आवरलेला हात ती वाचवितो.

तेव्हा माझी सूचना अशी: जाण्यापूर्वी एक महिना वर्गात वसईचा नकाशा काढावा व १५३४, १७३९ आणि १८०२ या तीन सालांची हकीकत प्रत्येकाला सांगता यावी. तेथे पूर्ण एक दिवस एकाच किल्ल्यात घालवावा. सायंकाळी किल्लाबंदरच्या वडीलधाऱ्या माणसांशी दोन शब्द नम्रपणे बोलावे आणि त्यांची मराठी कान देऊन ऐकावी. परत आल्यावर जे आजारपणामुळे वा घरच्या अडचणीमुळे येऊ शकले नाहीत, त्यांना प्रत्येकाने एक एक गोष्ट सांगावी. आणि उत्तम निबंध याच वार्षिकात छापावा.

पालकहो, मूल घरातून दोन दिवस दूर जाते तेव्हा आपल्या जिवाला घोर लागतो, हे मी जाणतो. परंतु ते परत येईल तेव्हा त्याच्या पिशवीत शिंपले असतील आणि मनात एक प्रश्न असेल: ‘आम्ही जिंकलो तेव्हा कसे वागलो, आणि हरलो ते कशाने?’ हा प्रश्न ज्या मुलाला लहानपणी पडला, तो पुढे गावचा सरपंच होवो, शिक्षक होवो की साधा शेतकरी होवो, शेजाऱ्याशी न्यायानेच वागेल, अशी माझी श्रद्धा आहे. सहलीचे पैसे तेवढ्यानेच फिटले असे मी समजेन.