खानेसुमारीत घर आले, घरातले काम राहिले

जनगणनेला जुन्या मराठीत खानेसुमारी म्हणत. शब्द फारसीतून आला. 'खाना' म्हणजे घर आणि 'शुमार' म्हणजे मोजणी. याच 'शुमार'पासून मराठीत 'सुमारे' आला आणि 'बेसुमार'ही आला. उर्दूत जनगणनेला आजही मर्दुमशुमारी म्हणतात. मी उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे हे शब्द वर्गात वारंवार येतात. प्रत्येक वेळी एक गोष्ट खटकते. आपण घरे मोजली, माणसे मोजली, पण घरात बाई दिवसभर जे काम करते ते बेसुमारच राहू दिले.

हा विषय आज काढण्याचे कारण एक जाडजूड पुस्तक आहे. 'राष्ट्रीय लेखा प्रणाली' असे त्याचे नाव. देशाचे उत्पन्न म्हणजे काय, त्यात काय धरायचे आणि काय सोडायचे, याचे नियम त्यात असतात. रोज बातम्यांत ऐकू येणारा जीडीपी याच नियमांनी काढतात. पहिली आवृत्ती १९५३ मध्ये निघाली. पुढे १९६८, १९९३ आणि २००८ मध्ये ती बदलली. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने पाचवी आवृत्ती स्वीकारली. संयुक्त राष्ट्रे, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, जागतिक बँक, ओईसीडी आणि युरोपची सांख्यिकी संस्था, अशा पाच संस्था मिळून हे काम पाहतात. वेगवेगळ्या देशांचे तज्ज्ञ एकेका प्रश्नावर टिपण लिहितात, ते सगळ्या देशांकडे मतासाठी जाते, वाद होतात आणि मग नियम ठरतो.

"हे परदेशी साहेबांचे उद्योग, आपला काय संबंध?" असे कोणी म्हणेल. संबंध जुना आहे. हिंदुस्थानाच्या दरडोई उत्पन्नाचा पहिला नावाजलेला हिशेब मुंबईच्या दादाभाई नौरोजींनी केला. १८६७-६८ साठी त्यांनी आकडा काढला तो माणशी वर्षाला २० रुपये. तो किती तोकडा आहे हे दाखवायला त्यांनी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च शेजारी मांडला. आकडा कसा बोलका करावा, हे दादाभाईंकडून शिकावे. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष होते. पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य होते. सल्ल्याला सायमन कुझ्नेट्स आणि रिचर्ड स्टोन यांच्यासारखे जगातले मोठे तज्ज्ञ होते. याच स्टोन यांच्या देखरेखीखाली १९५३ चे पुस्तक तयार झाले. पुढे १९९७ मध्ये असंघटित क्षेत्र कसे मोजावे यासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट स्थापन झाला, त्याचे नावच 'दिल्ली गट' आहे. म्हणजे हे नियम वरून आपल्यावर पडलेले नाहीत. ते घडवणाऱ्यांत आपली माणसेही बसलेली आहेत. म्हणूनच त्या नियमांवर बोलण्याचा हक्कही आपल्याला आहे.

आता पाहू या की हे पुस्तक काय मोजते. उत्तर वाचून आश्चर्य वाटेल. बाईने आडावरून किंवा हापशावरून घरासाठी पाणी आणले, तर १९९३ पासूनच्या नियमाप्रमाणे ते उत्पादन आहे. पुस्तकाचे म्हणणे असे की, तत्त्वतः हे काम जमिनीतून खनिज तेल काढून नळाने पुढे नेण्यासारखेच आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहराने टँकरवर दिवस काढले. खेड्यांत उन्हाळा आला की ड्रमची रांग आजही लागते. त्या रांगेत उभी असलेली मावशी किंवा खाला नियमाने तेल कंपनीच्या पंक्तीत बसते. पण तेच पाणी घरी आणून तिने डाळ शिजवली, भांडी घासली, सासऱ्यांना अंघोळ घातली, की ती उत्पादनाच्या रेषेबाहेर गेली. घागर उंबरठ्यापर्यंत हिशेबात, उंबरठ्याच्या आत हिशेबाबाहेर.

याहून मजेदार नियम घराचा आहे. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारा माणूस कोणालाच भाडे देत नाही. तरी त्या घराचे भाडे किती आले असते याचा अंदाज करून ते राष्ट्रीय उत्पन्नात मिळवतात. भिंती आणि छप्पर 'सेवा' देतात, असे मानले जाते. त्या छपराखाली चूल पेटवणारी बाई मात्र काही देत नाही. खानेसुमारी शब्दाचा अर्थ इथे शब्दशः खरा ठरतो.

माझेच पाहा. शाळेत मी वर्गाला 'अलिफ बे' शिकवते तेव्हा माझा पगार देशाच्या उत्पन्नात मोजला जातो. संध्याकाळी तोच धडा घरी माझ्या मुलाकडून करून घेते, तेव्हा तो मोजला जात नाही. शेजारच्या मुलाला पैसे घेऊन शिकवणी दिली तर पुन्हा मोजला जातो. पिगू नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच हा तिढा सांगितला होता. एखाद्याने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केले, तर काम तेच राहते आणि देशाचे उत्पन्न घटते.

तज्ज्ञांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. ते म्हणतात, घरकाम जीडीपीत घेतले तर जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणूस 'कामावर' ठरेल आणि बेरोजगारी या शब्दाला अर्थ उरणार नाही. दुसरे असे की, या कामाला बाजारभाव नाही. मोठा काल्पनिक आकडा मुख्य हिशेबात मिसळला, तर महागाई किंवा मंदीचा अंदाज घ्यायला तो हिशेब निरुपयोगी होईल. मला हे पटते. पण त्यातून घरकाम कुठेच मोजू नये असे निघत नाही. फार तर ते वेगळ्या वहीत मोजावे, एवढेच निघते. २०२५ चे नवे पुस्तक तेच सुचवते. मुख्य जीडीपी तसाच ठेवा, पण घरातल्या बिनपगारी सेवांचा स्वतंत्र, विस्तारित लेखा तयार करा.

त्यासाठी लागणारी माहिती आपल्याकडे आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ आणि २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. २०२४ ची पाहणी सांगते की, घरकाम करणारी स्त्री त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटे. त्यातही दिवसभरात घरकामाला हातच न लावणारे पुरुष चारांत साधारण तीन आहेत. २८९ मिनिटे म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. माझी शाळाही जवळपास तेवढाच वेळ भरते.

आता आपल्या जिल्ह्यात या. अंबड, घनसावंगी, मंठा भागातून दरवर्षी ऊसतोडीला जोडपी जातात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' असतो. उचल नवऱ्याच्या हाती पडते. माणसे दोन, मोजणी एक. ही वही संयुक्त राष्ट्रांनी लिहिलेली नाही, आपणच लिहिली आहे.

आणि आपल्या मोहल्ल्यात? सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले होते की, काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी ७० टक्के स्वतःच्या घरातच काम करतात. सर्व कामकरी स्त्रियांत हे प्रमाण ५१ टक्के होते. शिलाई, फॉल-पिको, आरीकाम, पापड-शेवया अशी ही कामे. घरातले असले तरी विकण्यासाठी केलेले हे काम आहे. ते जीडीपीच्या रेषेच्या आतच येते, त्यासाठी नियम बदलायची गरज नाही. तरीही ते निसटते, कारण ते आपणच सांगत नाही. २०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होते. दारात बहुतेक वेळा घरातला पुरुष बोलायचा. "भाभी क्या करती?" असे विचारले की उत्तर ठरलेले, "कुछ नहीं करती, घर पे रहती." मागे शिलाई मशीनचा आवाज चालू असायचा. अशा घरी मी आत जाऊन त्या बाईंनाच विचारत असे. सूचनापुस्तिकेप्रमाणे घरापुरते दूध काढण्यासाठी म्हैस सांभाळणे हेसुद्धा 'काम' होते. 'कुछ नहीं' हे उत्तर जनगणनेच्या नियमानेही चूक होते.

न मोजल्याने काय बिघडते? जिची नोंद नाही तिच्यासाठी योजना नाही. घरी शिवणाऱ्या बाईला किमान वेतन कसे द्यायचे, तिला विमा आणि पेन्शन कुठून मिळायचे, हे ठरवायला आधी ती आहे हे कागदावर दिसावे लागते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी १९९६ मध्ये करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. नळयोजनेमुळे बायांचे किती तास वाचतात हे हिशेबात आले, तर अंदाजपत्रकात तिचे वजन वाढेल. पाळणाघराचेही तसेच आहे.

नव्या पुस्तकाच्या तयारीत एक गट इस्लामी वित्तव्यवस्थेवरही होता. व्याज नसलेल्या व्यवहारातला मोबदला लेख्यांत कुठे नोंदवायचा, हा त्याचा प्रश्न होता. काही देशांनी तो चिकाटीने मांडला आणि पुस्तकात त्याला जागा मिळाली. मला त्याचा आनंद आहे. पण जालन्याच्या मोहल्ल्यात बँकेच्या प्रश्नापेक्षा शिलाई मशीनचा प्रश्न जास्त घरांत आहे. चिकाटीने मांडल्यावर पुस्तक बदलते, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

काही जण विचारतील, आईच्या मायेला भाव लावायचा का? नाही. मायेला भाव नाही, हे मलाही मान्य आहे. पण माया आणि २८९ मिनिटे या वेगळ्या गोष्टी आहेत. माया अमोल आहे असे म्हणून कष्ट फुकट घेणे, ही आपली जुनी सवय आहे. शिक्षकाच्या पगाराची नोंद होते म्हणून त्याची विद्यार्थ्यांवरची माया कमी होत नाही.

मग करायचे काय? राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी आर्थिक पाहणी काढते, जिल्ह्यांचे उत्पन्नही देते. त्याला घरातल्या बिनपगारी कामाचा एक तक्ता जोडावा. जीडीपीचे आधारवर्ष २०११-१२ वरून २०२२-२३ वर नेण्याचे काम केंद्राने हाती घेतले, त्याच्या पुढच्या टप्प्यात हा स्वतंत्र लेखाही असावा. ही मागणी आमदार-खासदारांकडे नेता येते, शिक्षक आणि महिला संघटनांच्या ठरावात घालता येते.

दुसरे काम आपल्या दारातले आहे. नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. प्रगणक म्हणून येणारी व्यक्ती बहुधा कोणी शिक्षकच असेल. "घरात कोण काय करते?" असे त्याने विचारले, तर घरातल्या बाईला पुढे बोलू द्या. ती महिन्याला किती ब्लाउज शिवते, म्हशीचे कोण करते, पापड कुणाला विकते, हे तिला सांगू द्या. शाळेच्या प्रवेश अर्जावर आईच्या व्यवसायाची जागा असते, तीही कोरी सोडू नका. जगाच्या पुस्तकातला नियम बदलायला सतरा वर्षे लागली. आपल्या दारातले उत्तर बदलायला कोणाची परवानगी लागत नाही.