कास्क स्ट्रेंग्थ व्हिस्की: पेग तेवढाच, अल्कोहोल जास्त

भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. त्यानुसार स्कॉचवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार आहे. तेव्हापासून रुग्ण विचारतात, "डॉक्टर, सिंगल माल्ट चांगली असते ना?" चवीला असेल. यकृताला ब्रँड कळत नाही.

त्यातली कास्क स्ट्रेंग्थ नीट समजून घ्या. आपल्याकडच्या नेहमीच्या व्हिस्कीत पाणी मिसळून अल्कोहोल ४२.८ टक्क्यांवर आणलेलं असतं. ही मात्र पिंपातून काढली तशीच बाटलीत भरतात. बहुधा ५५ ते ६० टक्के. बंगळुरूची अमृत, गोव्याची पॉल जॉन यांतही हा प्रकार मिळतो. नेहमीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असतं, ६० टक्केवालीच्या पेगमध्ये २८. म्हणजे "दोनच घेतले" म्हणणाऱ्याच्या पोटात जवळजवळ तीन गेलेले असतात.

जाणकार आधी वास घेतात, मग थोडंथोडं पाणी घालतात. तीव्र अल्कोहोलने नाक-जीभ बधिर होते. पाण्याने ग्वायाकोलसारखे धुरकट वासाचे घटक वर येतात. घोट लहान, तोही अनेकदा थुंकून टाकतात. (आपल्याकडे हा भाग कोणी शिकत नाही.) पाणी घातल्याने ग्लासातलं एकूण अल्कोहोल मात्र कमी होत नाही.

फॅटी लिव्हर असेल, झोपेच्या गोळ्या, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड सुरू असेल तर चाखणंही नको. मधुमेहाच्या या औषधांवर प्यायल्यास रात्री झोपेत साखर उतरू शकते आणि घरच्यांना ती नशाच वाटते. हाक मारूनही माणूस नीट जागा होत नसेल तर तोंडात काही घालू नका, ग्लुकोमीटरने साखर तपासा आणि लगेच रुग्णालयात न्या.