हाली गेला, कलदार आला : एका चलनाचा हिशेब

१ जानेवारी २०२६ पासून बल्गेरियाने आपला 'लेव्ह' सोडून युरो स्वीकारला. युरो वापरणारा हा एकविसावा देश. त्याआधी काही महिने तिथल्या दुकानांत प्रत्येक वस्तूची किंमत दोन्ही चलनांत लावावी लागत होती, आणि जानेवारीभर दोन्ही चलने बाजारात चालली. २०२५ मध्ये तिथे विरोधाचे मोर्चेही निघाले. लोकांच्या मनात प्रश्न दोनच होते. बदलाच्या गडबडीत महागाई होईल का? आणि आपला पैसा गेला म्हणजे आपल्या हातातले नेमके काय गेले?

बिदर-कलबुर्गी भागातल्या मराठी घरांना हे प्रश्न नवे नाहीत. मैलूर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांत आज ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात असलेल्या वडीलधाऱ्यांच्या लहानपणी दोन रुपये चालत होते. एक निजाम सरकारचा 'हाली शिक्का' आणि दुसरा इंग्रजांचा, पुढे भारत सरकारचा, 'कलदार'.

हैदराबाद संस्थानाचा रुपया वेगळा होता. नाण्यावर चारमिनार असे. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हा १९१८ मध्ये कायदा करून संस्थानाने स्वतःच्या नोटाही काढल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही किंमत लिहिलेली असे. १९४१ च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली आणि या चलनाचा कारभार तिच्याकडे आला. हीच पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. आपल्यापैकी अनेकांची पहिली खाती याच बँकेत होती.

हाली आणि कलदार यांचा ठरीव भाव सात हालीला सहा कलदार असा होता. म्हणजे शंभर कलदार रुपयांसाठी ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. सोलापूर आणि बार्शी इंग्रजी मुलखात, तर बिदर, उदगीर, गुलबर्गा निजामाच्या. नातीगोती, जत्रा आणि बाजार मात्र दोन्हीकडे पसरलेले. तूर विकून सोलापूरहून परत यायचे तर हातात कलदार, आणि गावात सारा भरायचा तो हालीत. शिवाय वाटेत संस्थानाची जकात घेणारा करोडगिरीचा नाका. वेगळ्या चलनाचा खर्च तो हाच. प्रत्येक व्यवहारात बट्टा, हिशेबाची डोकेफोड आणि भाव बदलण्याची धास्ती.

चलन हे सत्तेचेही हत्यार असते, हे आपल्या भागाने १९४७-४८ मध्ये पाहिले. २९ नोव्हेंबर १९४७ ला 'जैसे थे' करार झाला आणि त्यानंतर लवकरच निजाम सरकारने वटहुकूम काढून संस्थानात भारतीय रुपया कायदेशीर चलन नाही असे जाहीर केले. पाकिस्तानला भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपात वीस कोटींचे कर्जही दिले. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हा अध्याय संपला.

पण राजवट पाच दिवसांत बदलली तरी पैसा बदलायला अकरा वर्षे लागली. १९५० पासून भारतीय रुपया हालीच्या जोडीने रीतसर चालू झाला. १९५१ मध्ये हालीची छपाई थांबली, आणि तो पूर्णपणे रद्द झाला तो १९५९ मध्ये. मध्येच १ एप्रिल १९५७ ला आणे-पै जाऊन नवे पैसे आले. एवढ्या थोड्या काळात दोनदा हिशेबाची पद्धत बदलण्याची वेळ आपल्या लोकांवर आली.

महागाईचा धोका कुठे असतो, ते साध्या गणिताने कळते. एक हाली आणा म्हणजे कलदारातले सव्वादहा पै. आता दुकानदाराने आण्याची वस्तू आण्यालाच ठेवली, तर भाव न बदलता ती सुमारे १७ टक्क्यांनी महागली. शंभर हाली साठवलेल्या म्हातारीच्या हाती मात्र हिशेबाने ८५ रुपये ११ आणेच येणार. बल्गेरियात दोन्ही किमती लावण्याची सक्ती झाली ती यासाठीच. बदल किती काळ चालतो आणि भाव किती उघड असतात, यावर गरिबाचे नुकसान ठरते.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. स्वतःचे चलन असलेला देश अडचणीत आला तर चलनाचा भाव उतरवून निर्यात वाढवू शकतो. समाईक चलनात ती सोय उरत नाही. ग्रीसने २००१ मध्ये युरो घेतला. २०१० च्या कर्जसंकटात त्याला चलन उतरवता आले नाही, म्हणून पगार आणि पेन्शन उतरवावी लागली, आणि तरुण देश सोडून गेले. युरोपकडे समाईक बँक आहे, पण दिल्लीसारखी समाईक मोठी तिजोरी नाही.

आपल्याकडे तिजोरी आहे, आणि म्हणूनच तिच्या वाटणीचा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला कर्नाटकचा वाटा ४.७१३ वरून ३.६४७ टक्क्यांवर आणला, ही बेंगळुरूची तक्रार आपण ऐकतो. तिच्यात तथ्य आहे. पण राज्याच्या आत पाहिले तर दरडोई उत्पन्नात वर बेंगळुरू आणि तळाशी कलबुर्गी, हे चित्र वर्षानुवर्षे तेच आहे. दिल्लीकडे न्याय्य वाटा मागणाऱ्या राज्याने तोच न्याय बिदर-कलबुर्गीलाही लावायला हवा. २०१२ च्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३७१-जे, त्याखालचे शिक्षण-नोकऱ्यांतले आरक्षण आणि प्रदेश विकास मंडळ ही त्याचीच साधने आहेत. निधी मंजूर किती झाला एवढेच न पाहता, खर्च किती आणि कशावर झाला हे आपणही विचारले पाहिजे.

१ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर तालुके मुंबई राज्यात गेले आणि बिदर, भालकी, औराद म्हैसूरमध्ये आले. सीमा बदलली, पण रुपया एकच राहिल्याने सोयरिकी आणि बाजार तुटले नाहीत. समाईक चलनाचा हा मोठा फायदा. मात्र त्याच रस्त्याने आपली मुले पुणे, मुंबई, हैदराबादला गेली, आणि परत येण्याजोगे काम इथे पुरेसे उभे राहिले नाही. एका चलनाने बाजार जोडला जातो. मागे पडलेला भाग पुढे यायचा, तर शाळा, पाणी आणि रोजगार यांवर वेगळा पैसा खर्च व्हावा लागतो.

घरात हालीची नाणी, नोटा किंवा त्या काळच्या मोडी वह्या असतील तर रद्दीत घालू नका. त्यातल्या आकड्यांत आपल्या भागाचा हा सगळा बदल नोंदलेला आहे. वडीलधाऱ्यांकडून त्या वाचून घ्यायला फार वर्षे उरलेली नाहीत.