झोप उडते ती स्वभावामुळे?



समुपदेशनाला येणाऱ्या विद्यार्थिनींपैकी अनेकींची तक्रार एकच असते : 'ताई, झोपच लागत नाही.' घरचे म्हणतात, 'स्वभावच हळवा, फार विचार करते.' चिंताळ स्वभावाच्या माणसाची झोप ताणाखाली लवकर बिघडते, हे मानसशास्त्रही सांगते. पण चाकण, निघोजे, महाळुंगेला खोली करून राहणाऱ्या या मुलींना मी आधी दिवसाचा हिशोब विचारते. मुक्त विद्यापीठात बी.ए. आणि कंपनीत पाळी. पाळी बदलली की शरीराचे घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. दिवसा झोपावे तर पत्रा तापलेला, खोलीत चौघी. त्यात गावाहून निरोप, स्थळ आलंय. नापास झाली की शिक्षण संपले, ही धास्ती तिच्या भावाला नसते. तो रात्रपाळीहून आला की घर चिडीचूप. ती आली की भाकऱ्या तिची वाट पाहत असतात!

१९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्रियांना रात्रपाळी बंद होती. आता ती संमती आणि सुरक्षिततेच्या अटींवर खुली आहे. ती खुली हवीच. पण परीक्षेच्या आठवड्यात पाळी बदलणार नाही, एवढे तरी कंपन्यांकडून लिहून घ्यायला हवे. बोलायला कुणी नसेल तिला १४४१६ हा २०२२ पासूनचा मोफत सरकारी 'टेलि-मानस' क्रमांक द्या. स्वभावाचे नंतर बघू.