वेशीवरच्या काट्या काढल्या का?

शेतकरी बंधूंनो, २०२० सालचा गुढीपाडवा आठवून पाहा. त्या वर्षी पाडवा २५ मार्चला आला. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. राज्यात संचारबंदी त्याच्या आदल्याच दिवशी लागली होती. गुढ्या उभ्या राहिल्या, पण सालगडी ठरवायला, वर्षाचा हिशेब मिटवायला कोणी कोणाच्या ओसरीवर चढेना. २१ दिवसांचे म्हणता म्हणता टाळेबंदी ३ मेपर्यंत गेली, मग १७ मे, मग ३१ मे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे सांगितले, आणि आपणही तो विषय मागे टाकला. पण गावाने त्या काळात काय केले, काय चुकले, काय जमले याचा हिशेब कुठल्या ग्रामसभेत झाला? बहुतेक ठिकाणी झालेला नाही. तो आता मांडायला हवा, म्हणून आजचा हा विषय.

पहिली गोष्ट भीतीची. तरण्या पोरांनी बाभळीच्या काट्या, ओंडके, जुन्या बैलगाड्या आडव्या टाकून वेशी बंद केल्या. पाहुण्यांना येऊ नका असे फलक लागले. पारावरची बैठक मोडली, देवळाला कुलूप लागले, चैत्रातल्या जत्रा आणि कुस्त्यांचे फड रद्द झाले. कोणी शिंकला तरी चार घरांत कुजबुज होई. मोबाइलवर दिवसाला दहा औषधे आणि वीस अफवा येत. गावात रुग्ण एकही नव्हता, पण झोप उडाली होती. या भीतीला हसण्यासारखे काही नाही. आजार नवा होता, लस नव्हती, जवळचे ग्रामीण रुग्णालय पंधरा-वीस किलोमीटरवर आणि तिथे प्राणवायूची सोय असेलच याची खात्री नाही. अशा वेळी माणूस दार लावूनच घेणार.

आपल्या मुलखाला साथ नवी नाही. १८९६-९७ साली प्लेग आला तेव्हा लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिले. २०२० मध्ये ज्या साथरोग कायद्याच्या आधारे आपल्याला घरात बसवले, तो कायदा त्याच प्लेगच्या वेळचा, १८९७ चा. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. पुढे १९१८ मध्ये इन्फ्लुएंझा आला, त्याला आपल्या आज्या-पणज्या मानमोडी म्हणायच्या. पण एक फरक ध्यानात घ्या. प्लेगात सगळे गाव मिळून रानात गेले होते. या वेळी गाव घरात बसले आणि परत आलेल्या आपल्याच माणसांना रानात पाठवले.

कोण होती ही माणसे? मुंबई-पुण्यात हमाली करणारा, रिक्षा चालवणारा, कंपनीत बारा तास उभा राहणारा आपलाच पोरगा. दिवाळीला आला की ज्याच्या गाडीभोवती पोरे जमायची, यात्रेच्या वर्गणीत ज्याचे नाव वरच्या ओळीत असायचे, तोच. मे महिन्यात तो बायको-लेकरांसह वेशीवर उभा राहिला तर त्याला पाणीसुद्धा लांबूनच द्यायचे, असे किती गावांत झाले हे आपल्याला ठाऊक आहे. ऊसतोड मजूर तर साखर कारखान्यांच्या परिसरात पाचटाच्या खोप्यांत अडकून पडले होते. एप्रिलच्या मध्याला शासनाने तपासणी करून त्यांना परतायला परवानगी दिली. बीड, नगरकडची ही माणसे घरी निघाली, पण काही गावांत त्यांनाही वेशीवरच अडवले गेले. आणि ज्यांना वाहनच मिळाले नाही ते पायी निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याच्या कारखान्यात राबणारे, मध्य प्रदेशातले. त्यांची भाषा वेगळी, पण घरी जायची ओढ आपल्या पोरांसारखीच.

विलगीकरण करणे चूक नव्हते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. चौदा दिवस वेगळे राहायला लावणे गरजेचेच होते. प्रश्न होता तो कसा केला याचा. काही गावांनी शाळेच्या खोल्या झाडून-पुसून दिल्या, दिवे लावले, डबे पाठवले, संध्याकाळी लांबून का होईना, विचारपूस केली. काही गावांनी नुसते कुलूप दाखवले. रोग तेव्हा दोन्हीकडे सारखाच होता. आज पहिल्या प्रकारच्या गावांत ती माणसे हसत येतात, आणि दुसऱ्या प्रकारच्या गावांत भावाभावांत अजून बोलणे नाही. काट्या रस्त्यावरून निघाल्या, पण मनातून निघाल्या नाहीत, असे म्हणतो ते याचमुळे.

आता शेतमालाकडे वळू. टाळेबंदीत सगळे थांबले, पण गाईने दूध द्यायचे थांबवले नाही आणि द्राक्षाने पिकायचे थांबवले नाही. केंद्राने २७ मार्चच्या आदेशाने शेतीची कामे आणि बाजार समित्यांना सूट दिली. कागदावर सूट होती, पण नाक्यावरच्या शिपायापर्यंत तो कागद पोचायला वेळ लागला. हॉटेले, चहाची दुकाने, मिठाईवाले बंद, म्हणून दुधाचे भाव कोसळले. राज्य शासनाने रोज १० लाख लिटर दूध लिटरला २५ रुपयांनी घेऊन त्याची भुकटी करायचा निर्णय केला, पण सगळ्यांचे दूध त्यात बसले नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दूध उत्पादकांना रस्त्यावर यावे लागले. कोंबडी खाल्ल्याने रोग होतो या अफवेने तर टाळेबंदीच्या आधीच पोल्ट्रीवाल्याचे कंबरडे मोडले होते. रमजान २५ एप्रिलला सुरू होणार म्हणून ज्यांनी कलिंगड-खरबूज धरले होते, त्यांचा माल तयार झाला तेव्हा ना मजूर, ना गाडी, ना गिऱ्हाईक. कापसाची सरकारी खरेदी मध्येच थांबली, घरात कापूस आणि डोक्यावर खरिपाचा खर्च अशी गत झाली.

तरीही शेतकरी बसून राहिला नाही. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे एकूण उत्पन्न सुमारे २४ टक्क्यांनी घटले. त्या वेळी जाहीर झालेल्या आकड्यांप्रमाणे शेतीचे मात्र ३.४ टक्क्यांनी वाढले. वाढ उत्पादनात होती, खिशात नव्हती, हेही खरे. पण त्या दिवसांत शेतकरी गटांनी भाजीच्या टोपल्या भरून शहरांतल्या सोसायट्यांच्या दारात थेट पोचवल्या, आणि मधल्या हातांवाचून विक्री होऊ शकते हे दाखवले. दुःख याचे की बाजार उघडला आणि यातले बरेच गट विखुरले. गिऱ्हाईकांचे नंबर ज्यांनी जपून ठेवले, दर आठवड्याला माल दिला, त्यांचाच धंदा टिकला. संकटात शिकलेली गोष्ट सुकाळात टाकून द्यायची, ही आपली जुनी खोड आहे.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील मंडळींनो, आता तुमच्याशी दोन शब्द. त्या काळात तुमच्यावर जे काम पडले ते कोणत्याही नियमावलीत नव्हते. आलेल्यांची यादी, फवारणी, रेशनचे धान्य, भांडण मिटवणे, वरून रोज नवा आदेश. त्यात २०२० मध्येच अनेक ग्रामपंचायतींची मुदत संपली आणि प्रशासक बसले. अखेर १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या आणि १५ जानेवारी २०२१ रोजी मतदान झाले. ऐन संकटात गावाला निवडलेला कारभारी नसणे ही साधी गोष्ट नव्हती. आणि सगळ्यात खालच्या पायरीवर उभी होती ती आशाताई नि अंगणवाडीताई. तोंडाला रुमाल बांधून, एक तापमापक घेऊन ती घरोघर फिरली. तिला काही घरांनी शिव्या दिल्या, काहींनी दार लावले. जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी तिलाच संप करावा लागला. गरज सरो नि वैद्य मरो, ही म्हण आपण तिच्या बाबतीत खरी करून दाखवली. तिचा साधा सत्कार तरी किती गावांनी केला?

दुसरी लाट तर आणखी वाईट. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये रोग थेट वाड्या-वस्त्यांवर आला. त्या वेळी गर्दीवर नुसते बंधन पुरले नाही. पहिल्याच लक्षणाला तपासणी आणि रुग्णाला लगेच घराबाहेर वेगळी जागा, हे ज्या गावांनी केले ती सावरली. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पथके करून, घरोघर तपासणी करून मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त केले. मग शासनाने जूनमध्ये कोरोनामुक्त गाव स्पर्धा लावली. हिवरे बाजारकडे वेगळे औषध नव्हते. तिथे लोकांना एकत्र येऊन ठरवायची आणि ठरवलेले पाळायची सवय होती. ती सवय साथ आल्यावर लागत नाही. ती आधी लावावी लागते.

घरातल्या बाईमाणसाचे आणि लेकरांचे नुकसान तर मोजलेच गेले नाही. पुरुष घरी, पोरे घरी, काम दुप्पट. प्राथमिक शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाली ती खेड्यातल्या पहिली ते चौथीच्या पोरांसाठी थेट डिसेंबर २०२१ मध्ये उघडली. ज्या घरात मोबाइल एक आणि पोरे तीन, तिथे कसले शिक्षण? काही पोरी त्याच दीड वर्षात बोहल्यावर चढल्या. पन्नास माणसांतल्या लग्नात खर्च वाचतो, म्हणून घाई झाली. खर्च वाचला ही चांगली गोष्ट, पण कोवळ्या पोरीचे लग्न ही चांगली गोष्ट नव्हे. आणि ज्यांचे कर्ते गेले त्या बायका आपल्याच गावात आहेत. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, त्यामागे हीच वेदना होती. ठराव झाले, पण सातबाऱ्यावर तिचे नाव लागले का, हा खरा सवाल आहे. बायकोचे नाव उताऱ्यावर लावायची लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ सालची आहे. ती कित्येक तलाठी कार्यालयांत धूळ खात पडली.

त्या वर्षी आषाढी १ जुलैला आली. शेकडो वर्षांची पायी वारी झाली नाही, पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. वारकऱ्याने ते मानले. घरच्या देव्हाऱ्यापुढे टाळ वाजवला, पण हट्ट धरला नाही. समाजासाठी आपली सगळ्यात प्रिय गोष्ट बाजूला ठेवता येते, हे त्या माणसांनी दाखवून दिले. हा समजूतदारपणा आपल्यात आहे. तो नेमका वेशीवर का कमी पडला, एवढाच प्रश्न आहे.

तेव्हा येत्या ग्रामसभेत चार कामे करा. एक, गावात साथीत गेलेल्यांची यादी करा, त्यांच्या घरी वारस नोंद झाली का, शासनाचे ५० हजारांचे अनुदान मिळाले का ते पाहा, आणि राहिले असेल तर ग्रामसेवक-तलाठ्याने स्वतः त्या घरी जाऊन कागद करावेत. बाईला चकरा मारायला लावू नका. दोन, पुन्हा साथ आली तर परत येणारा माणूस कुठे राहील, त्याचे पाणी, संडास, डबा कोण बघेल, हे आजच ठरवून ठरावाच्या वहीत लिहा. साथ आल्यावर ठरवायला गेलात तर पुन्हा काट्याच आडव्या येतील. तीन, त्या काळात शाळा सुटलेली आणि परत न आलेली पोरे-पोरी कोण, ते गुरुजींना विचारा. त्यातली काही आता वयाने मोठी झाली असतील, पण बाहेरून परीक्षा देण्याची वाट खुली आहे. चार, आशाताईला ग्रामसभेत बोलवा. सत्कारासाठी बोलवाच, पण त्याहून म्हणजे तिचे ऐकायला. गावात कोणत्या घरात म्हातारे एकटे आहे, कोणाला दम्याचा त्रास, कोणाची साखर वाढते, हे तिला जेवढे माहीत तेवढे कोणाला नाही.

यातल्या एकाही कामाला फारसा पैसा लागत नाही. लागते ती एक दुपार आणि थोडे मोठे मन. आणि ज्याला त्या उन्हाळ्यात वेशीवर उभे केले होते, तो पुढच्या सणाला गावी आला की त्याला घरी चहाला बोलवा. जुने काही काढायची गरज नाही. ये, बस, एवढे म्हटले तरी पुरते. आपल्या शेताला बांध असतो तो पाणी अडवायला, माणूस अडवायला नव्हे. मनाच्या वेशीवर राहिलेल्या काट्या आपल्या आपणच काढायच्या आहेत, त्यासाठी कोणत्याही शासकीय आदेशाची वाट पाहू नका.